प्रत्येकी सदतीस

धोंडप्पा चाकुरे नांदेडला सुकन्या बिराजदारच्या ऑफिसात आले, ते हातात स्टीलचा डबा घेऊन. तिचा मदतनीस सिद्धराम याला वाटलं, माणूस जेवण सोबत घेऊन फिरतो. डबा उघडला तेव्हा आत कागदाच्या चौदा पुड्या होत्या.

"मोजा," धोंडप्पा म्हणाले.

सिद्धरामनं तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली होती. मोजायचं म्हटलं की त्याची बोटं आपोआप हलत. त्यानं पहिली पुडी उघडली. दाळीसारखे पिवळे दाणे होते.

"सदतीस."

"दुसरी मोजा."

"सदतीस." तिसरीही सदतीस निघाली, तेव्हा सिद्धरामनं मान वर केली.

"चौदाच्या चौदा तशाच आहेत," धोंडप्पा म्हणाले. "मी तीनदा मोजल्या. माझ्या पोरानं दोनदा."

सुकन्यानं एक दाणा चिमटीत धरून खिशातल्या भिंगाखाली घेतला. खाजगी तपासाचं हे काम सुरू करण्याआधी तिनं बारा वर्षं एका प्रयोगशाळेत काढली होती. भिंग सुटलं नव्हतं, आणि कमी बोलायची सवयही.

"ही तूर नाही. एका बाजूला उतरती आहे, कुऱ्हाडीच्या पात्यासारखी. लाखेची दाळ, तुरीत भेसळीला घालतात ती."

"बरोबर!" धोंडप्पा खूश झाले, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला.

मग त्यांनी सगळं सांगितलं. लातूरला त्यांची दाळ मिल होती. हातानं दाळ निवडायला चौदा बायका. मागच्या महिन्यात कलर सॉर्टर आलं, दाण्याचा रंग बघून खडा आणि काळा दाणा बाजूला उडवणारं मशीन. आता निवडायला आठच बायका लागणार होत्या. सहा जणींना घरी पाठवायचं होतं.

"कोणत्या सहा, हे मला ठरवायचं नव्हतं," ते म्हणाले. "आज मी एकीला काढलं, तर उद्या तिचा नवरा म्हणणार, अण्णानं डूख धरला. म्हणून परीक्षा घेतली. प्रत्येकीला अर्धा किलो तूरदाळ, त्यात लाखेचे दाणे मिसळलेले. एक तास. जिनं जास्त काढले ती राहणार. यात अन्याय कुठंय, सांगा."

"किती दाणे मिसळले होते?"

"प्रत्येक पिशवीत चाळीस. हे तिघांनाच ठाऊक होतं. मी, माझा पोरगा रुद्रेश, आणि आमचा सुपरवायझर सोमेश. पिशव्या त्यानंच भरल्या."

"परीक्षा कशासाठी आहे, हे बायकांना सांगितलं होतं?"

"न्हाई. नमुना तपासणी म्हणून सांगितलं. उगाच घाबरल्या असत्या."

सुकन्यानं वहीत एक ओळ लिहिली आणि तिच्याखाली रेघ मारली.

"रुद्रेश म्हणतो, सोमेशनं आकडा फोडला," धोंडप्पांचा आवाज खाली आला. "त्या बायकांत तारामती म्हणून आहे. सोमेशची आई लहानपणी गेली, तारामतीनं त्याला वाढवला. आता तिला नीट दिसत न्हाई. ती पहिल्या फेरीत जाणार, हे त्याला कळत असणारच. मी त्याला सांगून ठेवलंय, गुरुवारपासून येऊ नको." ते डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिले. "दहावी झाल्यापासून माझ्याकडं आहे तो. त्यानं केलं असंल तर मला पुरावा द्या. न्हाई केलं असंल तर लई बरं होईल."

"आज सोमवार," सुकन्या म्हणाली. "ज्या दाळीतून हे दाणे काढले, ती कुठं आहे?"

"कोणती दाळ? ती निवडलेली? पिशव्यांत पडून असंल, सील मारून. तिच्याकडं कोण बघतो?"

"कुणाला बघू देऊ नका."

*

मंगळवारी सकाळी दोघं निघाले. गाडी सिद्धराम चालवत होता. लोहा, अहमदपूर, चाकूर. या रस्त्यावरचं प्रत्येक वळण त्याच्या पाठीनं उभ्याउभ्या सोसलेलं होतं.

"यात काय अवघड हाय ताई?" लोहा मागं पडल्यावर तो म्हणाला. "पोरानं मावशीसाठी आकडा फोडला. मावशीनं सगळ्याजणींना सांगितला."

"मग चाळीस का नाही आले?"

"संशय येऊ नये म्हणून तीन कमी."

"संशय टाळायचा असता तर एकीनं अडतीस आणले असते, दुसरीनं पस्तीस. चौदा वेळा सदतीस आणण्याइतकं संशयास्पद दुसरं काय आहे, काका?"

अहमदपूर आल्यावर सिद्धराम म्हणाला, "चहा घ्यायचा का?"

मिल औद्योगिक वसाहतीच्या टोकाला होती. फाटकावर नवाकोरा फलक: 'पॅकिंग विभागासाठी कामगार पाहिजेत. आत चौकशी करावी.' आत तुरीच्या टरफलांचा कोरडा, गोडसर वास. निवडीच्या खोलीत भिंतीलगत चौदा पाट मांडलेले होते आणि प्रत्येकाच्या वरती भिंतीवर रंगानं नंबर घातलेला. दाराजवळ बसवण्णांचा फोटो, त्यापुढं पितळी ताटलीत भस्म आणि झेंडूची फुलं.

सिद्धरामनं चप्पल काढून हात जोडले, भस्माला बोट लावलं आणि थबकला. "ही काय पद्धत? कच्ची दाळ कोण वाहतं हो देवाला? तीन दाणे." प्रसाद म्हणून त्यानं एक उचलला.

"खाऊ नका," सुकन्या म्हणाली. तिनं वाकून ताटलीत पाहिलं, भिंग काढलं, परत ठेवलं. "होता तिथं ठेवा."

रुद्रेश तिशीचा, चलाख आणि बोलायला साफ होता. त्यानं आधी मशीन चालवून दाखवलं. वरून दाळ धबधब्यासारखी पडत होती आणि हवेची फट्‌फट् होऊन काळा दाणा बाजूला उडत होता. सिद्धराम तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"लाखही काढतं का?" सुकन्यानं विचारलं.

"तेवढी सुटते. रंग तुरीसारखाच पडतो ना. म्हणून तर शेवटची निवड हातानं ठेवली. म्हणून परीक्षाही लाखेचीच घेतली."

"शनिवारी काय काय झालं, क्रमानं सांगा."

"दहाला सुरू, अकराला बंद. अकराला मी स्वतः निवडलेली दाळ पाटाच्या नंबरानं पिशव्यांत भरली, सील मारलं आणि ऑफिसात नेली. मग बायकांचा चहा झाला. सव्वा अकराला येऊन ताटल्या घेतल्या."

"म्हणजे काढलेले दाणे पंधरा मिनिटं त्यांच्यापाशीच होते."

"हो, पण त्यानं काय होतं? दाळ माझ्याकडं होती. नवा दाणा काढणार कुठून?" रुद्रेश हसला. "म्हणजे आकडा आधीच फुटला होता. सरळ आहे."

सोमेश बारीक अंगाचा होता. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तो समोर बसला तो जणू निकाल लागून गेल्यासारखा.

"तुम्ही आकडा सांगितला?"

"न्हाई."

"चहाच्या वेळी कुठं होता?"

"दारात."

"तोंड कुठं होतं?"

सोमेश जरा अडखळला. "भाईर. बायका पाय पसरून बसतात, आत बघत कशाला उभं ऱ्हायचं? आधीचे मुकादम पण तसंच करायचे."

"मग सगळ्यांचे सदतीस कसे आले?"

"ते मला इचारू नका, ताई. मी सांगितलं न्हाई, एवढं खरं हाय." तो उठला. दारात थांबून म्हणाला, "गुरुवारी मी जातो. माझं काय, कुठंबी काम भेटंल. त्यांना तेवढं काही करू नका."

"हा तर कबूलच करून राहिला," सिद्धराम कुजबुजला.

"काय कबूल केलं त्यानं?"

सिद्धरामनं आठवून पाहिलं. काहीच नाही.

*

बायका जेवायला बसल्या होत्या. सुकन्यानं सिद्धरामला पुढं पाठवलं. म्हातारा माणूस बघून बायका मोकळेपणानं बोलतात, असा तिचा अनुभव होता.

"या की हो मामा! पोलिसाचे का तुम्ही?" ही दिपाली. पंचविशीची, चार नंबरच्या पाटावर बसणारी. तिच्यासारखी नजर अख्ख्या मिलमध्ये कुणाची नाही, असं रुद्रेशनंही सांगितलं होतं.

"न्हाई बाई, एसटीचा. रिटायर."

"मग बसा. उभं राहायची सवय असंल, तरी बसा."

मधे एक धुतलेलं फडकं अंथरलं होतं. प्रत्येकीनं आपला डबा त्यावर पालथा केला. कुणाची ज्वारीची भाकरी, कुणाचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, वांगं. एका डब्यातून भाकरीचा जेमतेम चतकोर निघाला. मग सगळ्याचे तुकडे करून तारामतीनं ते एकेक करत गोल फिरवले.

"रोज असंच?" सिद्धरामनं विचारलं.

"मग? कुणाच्या घरी पीठ असतंय, कुणाच्या नसतंय. डब्याला काय कळतंय?" तारामती म्हणाली. "आज दोन पाव्हणे. सोळा वाटे."

साठीची बाई, बुटकी, कपाळावर भस्माचे पट्टे. डोळ्यांत मोतीबिंदूची दुधट झाक. वाटे करताना ती तुकड्यांकडं बघतच नव्हती. अंगठा कडेवरून फिरवायची आणि ठेवायची. वाटे मात्र सारखे पडत होते. शेवटी एक तुकडा उरला. दिपालीनं उठून तो बसवण्णांच्या फोटोपुढं ठेवला आणि परत येऊन बसली, जणू पंख्याचं बटण दाबून आली असावी.

"आजी, तुमचा पाट कितवा?" सुकन्यानं विचारलं. ती केव्हा येऊन बसली, हे सिद्धरामलाही कळलं नव्हतं.

"नववा. खिडकीपाशी. उजेड असतो म्हणतात तिथं." तारामती हसली. "मला काय त्याचं."

"शनिवारची तपासणी कशासाठी होती, कुणी सांगितलं?"

हसणं थांबलं. दिपालीनं चटणीचं बोट चाटून पुसलं.

"कुणी न्हाई," ती म्हणाली. "पण एवढं मोठं मशीन दारातून आत आलं, ते आम्हाला दिसलंच की. आम्ही काय दाळ आहोत का, निवडून बाजूला सारायला?"

"दिपे," तारामतीनं तिला दटावलं. मग सुकन्याकडं वळून शांतपणे म्हणाली, "सोमेशला जाऊ देऊ नका, बाई. त्यानं कायबी केलं न्हाई."

"कुणी केलं?"

तारामतीनं आणखी थोडी चटणी सिद्धरामच्या वाट्याला सरकवली.

*

मंगळवारची दुपार आणि बुधवारची सकाळ दोघांनी मिलच्या ऑफिसात दार लावून काढली. सुकन्यानं टेबलावर काच मांडली, तिच्याखाली दिवा ठेवला आणि एकेक पिशवीचं सील फोडून दाळ त्यावर पसरली. आत राहिलेला लाखेचा प्रत्येक दाणा शोधायचा होता. एक पिशवी सिद्धराम बघायचा, मग तीच सुकन्या बघायची, आणि उलट. सिद्धरामच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे रोज आठ तास करतात बायका?"

"वीस-वीस वर्षं."

सिद्धराम पिशवीचा नंबर आणि त्यापुढं राहिलेले दाणे जुन्या सवयीनं घडी घातलेल्या कागदावर लिहीत होता. चार नंबरला त्याची पेन्सिल थांबली. नऊ नंबरला त्यानं पिशवी दुसऱ्यांदा काचेवर ओतायला लावली. सगळं झाल्यावर बेरीज केली.

"एकोणचाळीस. चुकलंच कुठंतरी, ताई. चाळीसातले सदतीस काढले, म्हणजे प्रत्येक पिशवीत तीन राहायला हवेत. चौदा त्रिक बेचाळीस. तीन कमी पडतात."

"पिशव्यांत तीन-तीनच राहिलेत का?"

"छे! एकीत तर..." आणि सिद्धरामचा हात हवेत थांबला. "मग सदतीस कसे?"

"काका, ते तीन दाणे तुम्ही काल खाणार होता," सुकन्या म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "आता मला एक मोठं पातेलं आणून द्या."

*

दुपारी चार वाजता निवडीच्या खोलीत सगळे जमले. बायका आपापल्या पाटावर. सोमेश दारात, आज तोंड आत. धोंडप्पा खुर्चीत, रुद्रेश उभा.

"अण्णा, तुम्ही मला विचारलंत की आकडा कुणी फोडला," सुकन्या म्हणाली. "कुणीच नाही. त्यांना चाळीस माहीत असते, तर एकीनं तरी चाळीस आणले असते."

"आपसात ठरवलं असेल," रुद्रेश म्हणाला. "सगळ्यांनी सदतीसच द्यायचे. जास्तीचे टाकून द्यायचे."

"मलाही आधी तेच वाटलं. पण त्यासाठी प्रत्येकीनं निदान सदतीस काढलेले हवेत. मी पिशव्या उघडल्या. काहींत तीनापेक्षा कितीतरी जास्त दाणे राहिले होते. म्हणजे त्या पाटावर सदतीस निघालेच नव्हते, तरी ताटलीत सदतीस होते. ते आले कुठून?"

"बाहेरून. घरून आणली लाख."

"मोजू या. ताटल्यांत चौदा गुणिले सदतीस, म्हणजे पाचशे अठरा. पिशव्यांत राहिले एकोणचाळीस. किती झाले, काका?"

"पाचशे सत्तावन्न," सिद्धराम तत्काळ म्हणाला.

"तुम्ही मिसळले होते पाचशे साठ. बाहेरून एकही आला असता, तर बेरीज वाढली असती. इथं उलट तीन कमी आहेत." सुकन्या फोटोपाशी गेली आणि पितळी ताटली उचलून धोंडप्पांपुढं धरली. भस्मात तीन दाणे होते. एका बाजूला उतरते, कुऱ्हाडीच्या पात्यासारखे. "हे ते तीन. आता एकही दाणा कमी नाही, एकही जास्त नाही. मिसळलेले सगळे दाणे याच खोलीतले आहेत. फक्त एका पाटावरून दुसऱ्या पाटावर गेले."

दिपालीनं तारामतीकडं पाहिलं.

"चौदा जणींनी मिळून पाचशे एकवीस काढले. चहाच्या पंधरा मिनिटांत ते एकत्र केले, आणि एकेक करत गोल फिरवले. सदतीस फेऱ्या झाल्या आणि तीन उरले. तीन चौदा जणींत कसे वाटायचे? उरलेलं कुठं ठेवतात, ते काल जेवताना काकांनी पाहिलं. दाण्यांना वेगळा नियम लावायचं कुणाला सुचलंच नाही."

सिद्धरामनं कपाळावर हात मारला. त्यानं तो तुकडा पाहिला होता, हे दाणेही पाहिले होते. मधली वाट तेवढी दिसली नव्हती.

"म्हणजे फसवणूकच की!" रुद्रेश म्हणाला.

"फसवणूक कसली रे, रुद्रेश?" तारामती उठली. भिंतीला हात लावत दोन पावलं पुढं आली. "तू झोळीत होतास तवापासून हे चालू हाय. पयला मुकादम लई वाईट. जिचा काढलेला कचरा कमी, तिला चारचौघांत बोलायचा. मग आम्ही सुट्टीच्या आधी सगळा कचरा एका सुपात करायचो आणि सारखा वाटून घ्यायचो. कुणाला बोलंल मग? कुणाचं बाळ तान्हं असतंय, कुणाला ताप असतोय. तुझ्या बाबाला हे ठाऊक न्हाई, कारण त्यानं कधी इचारलं न्हाई. सोमेशला ठाऊक हाय. तो माझ्या पदराखाली याच खोलीत निजायचा. म्हणून तो पाठ करून उभा ऱ्हातो. त्याला काढायचं तर आधी मला काढा."

सोमेश खाली बघत होता.

धोंडप्पांनी ताटली मांडीवर घेतली. "सोमेश, मला सांगायचं की रे लेकरा."

"सांगितलं असतं तर तुम्ही यांना काढलं असतं, अण्णा."

"गुरुवारी ये," धोंडप्पा म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "रोजच्यासारखा ये."

दिपालीनं पदर तोंडाला लावला. पण रुद्रेश अजून तिथंच होता.

"ठीक आहे, सोमेश सुटला. पण मशीन आलंय, ते काही परत जात नाही. सहा जणी जास्तच आहेत. म्याडमनी पिशव्या तपासल्यात, म्हणजे कुणी किती काढले ते आता पक्कं कळलंय. नंबरवार आकडे द्या. परीक्षा झालीच आहे, निकाल लावून टाकू."

सुकन्यानं कोपऱ्यातल्या पातेल्याकडं बोट केलं. ते काठोकाठ तूरदाळीनं भरलेलं होतं.

"पिशव्या मी आज त्यात ओतल्या. चौदाही. आकड्याचं काम झालं होतं, मला बेरीज हवी होती."

"पण लिहून घेतलं असेल ना? काल काका कागदावर लिहीत होते. कागद कुठंय?"

सगळे सिद्धरामकडं वळले. कागद त्याच्या सदऱ्याच्या खिशात होता, छातीपाशी, चार घड्या घातलेला.

"कोणता कागद?" सिद्धराम म्हणाला.

तीस वर्षं विनातिकीट प्रवाशांचे चेहरे त्यानं वाचले होते. आज त्यातलाच एक चेहरा त्यानं लावला होता, आणि तो छान जमला.

"एवढं सांगते," सुकन्या म्हणाली. "सगळ्यात आधी कुणाला काढावं लागेल असं तुम्हाला वाटत होतं, आणि सगळ्यात आधी कुणाला ठेवावं असं वाटत होतं, ते दोन्ही अंदाज पिशव्यांनी खोटे ठरवले. जे तुम्ही वर्षानुवर्षं रोज बघता, त्यात इतकी चूक होत असेल, तर एका तासाच्या तपासणीवर कुणाचं घर ठरवू नका. अण्णा, तुमच्या मनात खोट नव्हती. पण सहा जणींना काढायचं हे आधी ठरलं, मग परीक्षा आली, आणि विचारायचं राहूनच गेलं. माझ्या वहीतली पहिली ओळ तीच आहे."

"काय विचारायचं?"

"फाटकावर फलक आहे. पॅकिंगला माणसं पाहिजेत. किती?"

"चार," रुद्रेश म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा बदलला. "ते वेगळं काम आहे. मशीनवर वजन लावायचं, सील करायचं..."

"मी करते," दिपाली ताडकन म्हणाली. "आठ दिवसांत शिकते. शिकवा तर खरं."

"मी पण," मागून कुणीतरी म्हणालं. आणखी एक हात वर आला. चौथा आला नाही.

"मला तर तसंही दिवाळीनंतर सोडायचंय," अकराव्या पाटावरची बाई म्हणाली. "लेक बाळंतपणाला येणार हाय औशाहून. कुणी इचारलंच न्हाई, म्हणून बोलले न्हाई." तिच्या शेजारणीनंही गुडघ्यांवर हात ठेवून मान हलवली. तिलाही पुरे झालं होतं. तिचे हिशेबाचे जे काही पैसे निघतात ते हातात पडले, तर ती आनंदानं जाणार होती.

धोंडप्पा बोटांवर मोजत होते. "चौदातून तीन, दोन... नऊ राहिल्या. लागतात आठ."

"आठ जणींचं काम नऊ जणींना करता येत न्हाई व्हय?" तारामती म्हणाली. "पाळीपाळीनं एकीला सुट्टी. वाटून घेऊ की. त्यात आमचा हात बसलाय."

धोंडप्पा आधी गालात हसले, मग मोठ्यानं, आणि डोळे पुसायला लागले. रुद्रेश मात्र हसला नाही. त्यानं खुर्ची ओढली, बायकांच्या समोर मांडली आणि तिच्यावर बसला.

"दिवाळीपर्यंत कुणीच जायला नको," तो हळूच म्हणाला, "तोवर मशीनचीही सवय व्हायचीच आहे. नीट सांगा मला, एकेक जण. मी लिहून घेतो."

तो फलक सोमेशनं जाताजाता काढून आत आणला. उरलेल्या एका जागेला फलक कशाला?

*

निघताना तारामतीनं सिद्धरामच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी दिलं. चाकूर गेल्यावर त्यानं खिशातला कागद काढून सुकन्याच्या मांडीवर ठेवला.

"ताई, नऊ नंबरला शून्य होतं. चाळीसच्या चाळीस काढले तिनं. आणि तिला तर दिसत न्हाई."

"लाखेचा दाणा डोळ्याला फसवतो. त्याची उतरती कड अंगठ्याला फसवत नाही."

"आणि चार नंबरची, ती चलाख पोरगी, नऊ राहिले होते तिचे!" त्यानं गिअर बदलला. "म्हणजे परीक्षेचा निकाल लावला असता, तर आपली तारामती पहिलीच आली असती. ते सांगायचं होतं की."

"मग शेवटची कोण, तेही सांगावं लागलं असतं."

सिद्धरामनं यावर लोहा येईपर्यंत विचार केला. सुकन्यानं तोवर कागदाचे बारीक तुकडे करून रुमालात बांधले होते.

लोह्याच्या पुढं एका झाडाखाली त्यानं गाडी थांबवली आणि फडकं सोडलं. आत धपाटे होते. तीन.

त्यानं एक सुकन्याला दिला. एक स्वतः घेतला. तिसरा हातात धरून त्यानं इकडंतिकडं बघितलं, आणि गाडीच्या काचेपुढं चिकटवलेल्या बसवण्णांच्या छोट्या फोटोपुढं तो नीट मांडून ठेवला.

दोघं खात राहिले. शेवटचा घास संपल्यावर सिद्धरामनं फोटोकडं पाहिलं, मग सुकन्याकडं.

"झाला असंल आता त्यांचा नैवेद्य," तो म्हणाला. "अर्धा अर्धा?"

सुकन्यानं हात पुढं केला.